राऊटरची झालर

नाही, मी म्हणतो, बंद पडायचं तर पडा ना! कायमचं पडा! माणूस एकदाच डोक्याला हात लावून मोकळा होतो... पण हे कसलं? फिल्म पाठवायला बसलो की नेट गायब, आणि नेटवाल्याला बोलावलं की तो दारात बूट काढेपर्यंत नेट हजर! तो मोबाइलवर दोनदा बोट फिरवतो आणि माझ्याकडे असं बघतो... डॉक्टर नाही का बघत, काहीच झालेलं नसताना कण्हणाऱ्या पेशंटकडे? तसं! म्हणतो, "साहेब, चालू तर आहे!"

आता फिल्म कसली, तर भाचीच्या लग्नाची. लग्नांचं शूटिंग हा माझा धंदाच, त्यामुळे ताईनं हक्कानं सांगितलं, "बाहेरचा कशाला? मामा आहे की घरचा!" झालं! अडकलो! पण तुम्हाला सांगतो, फिल्म झाली होती काय झकास! त्यात आमची आई नाचलीये! जन्मभर गुडघ्यांच्या नावानं कुरकुरणारी आई, नातीच्या लग्नात अशी काही नाचली... एडिट करताना मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या हो! ती फिल्म ताईला पाठवायची, एवढंच काम. अर्ध्यावर जाते न जाते तोच गचका! पुन्हा पहिल्यापासून! नेटवाल्याला फोन! नेटवाला दारात! "चालू तर आहे!"

इकडे ताई रोज, "काय रे, सासरची माणसं विचारतात, मामानं शूटिंग केलं की नुसताच जेवला?" काय सांगणार? त्यात लॅपटॉप म्हणाला, जागा संपली. मग फिल्म पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवरचं मूळ शूटिंगसकट सगळं पुसलं, म्हटलं, मरू दे नेट, आता कुरियर!

आणि नेमका त्याच दिवशी नेटवाला न सांगता आला. याच गल्लीत होतो म्हणाला, बघून जातो. आणि पहिल्यांदा, अहो पहिल्यांदा, त्याच्यासमोर नेट बंद! मला इतका आनंद झाला, मी त्याला मिठीच मारली! तो राऊटरपाशी गेला आणि थबकला. राऊटरला कव्हर! फुलाफुलांचं, आत कापूस, खाली झालर! आमच्या आईला काही उघडं बघवत नाही हो. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर... मला दिसलं नव्हतं का? दिसलं असणार! पण आमच्या घरात कव्हर असलं तर कुणाला दिसत नाही, नसलं तर दिसतं. नेटवाला म्हणतो, "भट्टी झालीये याची! तापून बंद पडतोय."

मी ओरडलो, "आई!" तर आई, "एवढ्या थंडीत बिचाऱ्याला उघडं ठेवू?"

"मग यांना कधी कसं दिसलं नाही?"

"अरे, तू फोन केलास की मी काढून ठेवते. परक्या माणसाला मळकी झालर काय दाखवायची?"

सांगा, हसावं की रडावं! आईनं ते कव्हर उचललं आणि तरातरा धुवायला नेलं. नेट काय सुटलंय म्हणता! म्हटलं, कुरियर गेलं खड्ड्यात, आत्ता पाठवतो! पेनड्राइव्ह... टेबलावर नाही. खणात नाही. "आई, पेनड्राइव्ह?"

"त्यालाही बटणाची पिशवी शिवली होती ना मी! मळली होती, टाकली सगळ्यांबरोबर मशीनमध्ये."

मशीन गरगरतंय... आत आईचा नाच! नंतर पेनड्राइव्ह काढला, वाळवला, लावला... ढिम्म! रडू आलं हो मला, खरंच आलं. आई पाठीवरून हात फिरवतेय, "अरे, वाळेल की अजून!"

तेवढ्यात फोन. ताई! व्हिडिओ कॉल! "अगंबाई, आज किती स्पष्ट दिसतोयस! मग पाठव की आत्ता!"

काय करणार? हळूच उठलो, दोरीवरचं कव्हर ओढलं, राऊटरला घातलं, झालरसुद्धा सारखी केली. म्हटलं, तापेल... आत्ता तापेल... "ताई, आवाज तुटतोय गं... नेट गेलं वाटतं..."

पण कव्हर ओलं ना हो! गारेगार! तापतोय कशाला? आणि मागून आई कॅमेऱ्यात डोकावते नि म्हणते, "खोटं काय बोलतोस तिच्याशी? चालू तर आहे!"