पांदणीसाठी सस्पेन्शन

अब्दुल गफ्फार आपली जुनी जीप सर्व्हिसिंगला टाकून अकोल्याच्या शोरूममध्ये बसला होता. शेजारच्या सोफ्यावर तेल्हाऱ्याचे नत्थुजी आणि त्यांचा विपुल नवी गाडी ठरवत होते.

"बाबा, साधं सस्पेन्शन शहरात ठीक हाय. आपल्याले उंचवालंच लागते."

"काहून?"

"वावरात जायची पांदण पाहा ना. एक चाक धुऱ्याच्या बांधावर, एक गड्ड्यात."

"त्याच पांदणीतून दोन बैलबंड्या आमनेसामने जात होत्या."

"मंग आता कुठी गेली ते पांदण?"

"तुह्या वावरात. दरसाल हातभर नांगरून घेतली तूनं."

"सगळेच घेतेत, बाबा."

"मंग हे गाडी तिथं घुसन का, ते इचार पयले."

विपुलने सेल्समनला बोलावलं.

"भाऊ, हेच सस्पेन्शन अरुंद गाडीत भेटते का?"