न्हाणीमागची भांग

दिनांक १८/१०/२००३, वेळ सकाळी ११.४०

नाव: माधुरी मुरारी सबनीस. वय: ६२ वर्षे. धंदा: निवृत्त शिक्षिका (विज्ञान). शिक्षण: बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, १९६३. राहणार: बिरवाडी, ता. महाड, जि. रायगड.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. काल संध्याकाळी वरंध येथे एस.टी.तून उतरताना नाथू, वय अंदाजे ६५, राहणार वरंधच्या वरची धनगरवाडी, यास भांगेच्या फांद्यांच्या भाऱ्यासह पकडले. तो भारा रानातला नाही. माझ्या घराच्या न्हाणीमागचा आहे. झाडे माझी आहेत.

झाडे कोठून आली ते सांगते. माझ्या आईने पिंजऱ्यात लव्हबर्ड पाळले होते. त्यांच्यासाठी ती महाडहून निरनिराळ्या बियांच्या मिसळीचे दाणे आणत असे. सन १९९८ मध्ये आई वारली. महिन्याभरात पक्षीही गेले. उरलेले दाणे मी न्हाणीच्या पाटाकडेला टाकले. त्या पावसाळ्यात तेथे सात रोपे आली. पंजासारखे कातरलेले पान पाहून मी ती त्याच दिवशी ओळखली. उपटली नाहीत. पुढे दरवर्षी बी पडून ती आपोआप येत राहिली.

गोदूबाई ही नाथूची बायको. ती दर शनिवारी बिरवाडीत तूप घालायला येते. तिने झाडे पाहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यो पाला फुकट घालवू नका. म्हशीचं पोट फुगलं की गुळात कांडून देतात आमच्यात." म्हशीला त्याने गुण येतो की नाही याची ग्वाही मी देत नाही. त्यांच्या वाडीवर तशी रीत आहे. तेव्हापासून दर शनिवारी ती ओंजळभर पाला नेत असे. मी तिला बजावले होते की पाला खुडायचा, शेंड्याला हात लावायचा नाही. फुलाफळाच्या शेंड्यांना कायद्यात गांजा म्हणतात. तिने पाच वर्षांत एकदाही शेंडा तोडला नाही.

या वनस्पतीबद्दल साहेबांनी विचारले म्हणून सांगते. एकाच झाडापासून दोर वळायचा वाख, पाखरांना घालायचे बी, भांग आणि गांजा मिळतो. मादी झाडाच्या फुलांवर बारीक केस असतात, त्यांत चीक तयार होतो. त्या चिकात बरीच द्रव्ये आहेत. एकाने नशा येते. दुसरे कॅनॅबिडिऑल नावाचे आहे, ते सन १९४० च्या सुमारास वेगळे काढले गेले. त्याने नशा येत नाही. त्याचा काही आजारांवर उपयोग आहे का, याचे संशोधन चालू असल्याचे मी वाचले आहे. कोणत्या झाडात कोणते द्रव्य जास्त, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. भाऱ्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. माझ्या जबाबात 'औषधी वनस्पती' असे लिहू नये.

हेच मी एकदा गोदूबाईस सांगितले होते. ती म्हणाली, "म्हंजे एका आयशीची दोन पोरं. एक पितो, एक नाय पीत. आन् गाव दोघांना बेवडा म्हणतो." मी हो म्हटले. ती म्हणाली, "शाळा सुटली तरी तुमचं शिकवनं काय सुटत नाय."

मी स्वतः पाला खाल्लेला, ओढलेला किंवा विकलेला नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत गुडघ्यांसाठी पाला खोबरेल तेलात कढवून लावला. आराम पडला. तो तेलाने की चोळण्याने, ते सांगता येणार नाही. चोळून गोदूबाई देत असे.

काल शुक्रवारी मी डोळे दाखवायला महाडला गेले होते. घरी परतले तेव्हा साडेपाच वाजले होते. न्हाणीमागची झाडे बुंध्यापासून कापलेली होती. कोणी कापली ते मला कळले नाही. मी मागचे दार लावून घेतले.

आज सकाळी सात वाजता गोदूबाई आली. तिने सांगितले की, म्हैस गुरुवारपासून फुगली होती. तिला म्हशीपाशी बसणे भाग होते म्हणून तिने नाथूला पाठवले. नाथू माझ्याकडे पूर्वी कधी आलेला नाही. शेळ्यांना डहाळे तोडतात तसे त्याने कोयत्याने झाडे खालून तोडली, शेंड्यासकट भारा बांधला आणि डोक्यावर घेऊन भरदिवसा एस.टी.त बसला. पाला खुडून घ्यायचा असतो हे त्यास कोणी सांगितले नव्हते. तो जनावरांना तसाच चारा आणतो. मी म्हशीचे विचारले. "गेली," म्हणाली.

तिने मला ठाण्यात चला असे म्हटले नाही. भारा कोठून आणला ते नाथू सांगत नाही, एवढेच ती म्हणाली.

मी ठाण्यात आले तेव्हा नाथू आत बसलेला होता. मला पाहून तो म्हणाला, "बाई, तुमी कशाला आलाव? मी रानातला पाला हाय म्हनून सांगितलाय. जावा घरी." मी त्यास म्हणाले, "नाथू, गप्प बस. खोटं बोलायचं नाही." तो म्हणाला, "मी धनगर मानूस. माझं काय, चार दिस हितं बसीन. तुमी शाळंच्या बाई." हे साहेबांच्या समक्ष झाले आहे.

त्यास आज दुपारी कोर्टात नेणार असल्याचे समजले. त्यापूर्वी माझा जबाब कागदावर यावा म्हणून मी घाई केली आहे. झाडे त्याने लावली नाहीत, विकायला नेली नाहीत, आणि शेंड्यांना कायद्यात काय म्हणतात हे त्यास ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

साहेब म्हणाले, "बाई, सही केलीत की आरोपी तुम्ही. पुन्हा विचार करा." मी विचार करून आले आहे.

ठाऊक असताना पाच वर्षांत झाडे का उपटली नाहीत, असे साहेबांनी विचारले. पहिल्या वर्षी कुतूहल होते. दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात मी ती उपटायला घेतली होती. दोन उपटली. मग लक्षात आले की पाला नसेल तर गोदूबाईस मागच्या दाराने येण्याचे कारण राहणार नाही. तूप घालून ती रस्त्यावरूनच परत जाईल. उरलेली झाडे मी ठेवली. याशिवाय दुसरे कारण नाही.

अटकेची खबर कोणास द्यावी, असे विचारले. पुण्यास चुलत भाऊ आहे. त्याचा आताचा पत्ता मला माहीत नाही. खबर गोदूबाईस द्यावी. ती बाहेर बाकावर बसली आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. शनिवारी घरी येते, असे लिहावे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला आणि मी चष्मा लावून स्वतःही वाचला. मी सांगितले तेवढेच आणि तसेच यात आले आहे. कोणी दबाव आणला नाही. खरा म्हणून सही करते.

(मा. मु. सबनीस)