तोमेझोच्या घरचा टब

डॉ. मिझुहारा : कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. आता अंग सैल सोडा, तोमेझोसान.

तोमेझो : सैलच आहे.

डॉ. मिझुहारा : दगड झालाय नुसता. इथे दुखतं?

तोमेझो : आई गं! दाबायच्या आधी विचारायचं ना!

डॉ. मिझुहारा : बाहेरचं तोंड इथे. आणि आतलं… सापडलं. झालं, उठा. गळू कधी फुटलं होतं?

तोमेझो : नव्या वर्षाच्या आधी. चार दिवस तापानं फणफणलो, बसता येईना. मग आपोआप फुटलं, आणि असं हलकं वाटलं म्हणता! म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

डॉ. मिझुहारा : गेला कुठे? आतून कातडीपर्यंत बोगदा करून बसलाय. भगंदर म्हणतात याला. पू येतो ना अजून?

तोमेझो : रोज.

डॉ. मिझुहारा : आठ महिने रोज! आणि आज उगवताय?

तोमेझो : कुणाला दाखवायची जागा आहे का ती, डॉक्टरीणबाई?

डॉ. मिझुहारा : गोळ्यांनी हे बुजत नाही. एकदम कापलं तर स्नायू तुटेल, मग शी धरवणार नाही. म्हणून आतून रबरी दोरा ओवायचा, दर दोन आठवड्यांनी थोडा आवळायचा. तो हळूहळू कापत बाहेर येतो, मागची जखम भरत जाते. तीन-चार महिने लागतील.

तोमेझो : चाळीस वर्षं तातामीच्या चटया शिवल्या मी. दोरा जोडायला असतो, कापायला नाही.

डॉ. मिझुहारा : इथे उलटा धंदा. नंतर रोज कोमट पाण्यात बसायचं. घरी टब आहे?

तोमेझो : नाही… म्हणजे, आहे असं सांगितलंय.

डॉ. मिझुहारा : कुणाला?

तोमेझो : सेइगोला. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात तीस वर्षं आम्ही एकमेकांची पाठ घासली. हे गळायला लागल्यावर सगळ्यांच्या पाण्यात कसा उतरू? आणि सांगू काय? म्हटलं, घरीच टब बसवलाय. ऐटीत म्हटलं. तेव्हापासून मोरीत बादली घेऊन बसतो. पाठीला हात पोचत नाही.

डॉ. मिझुहारा : घरात आणखी कोण असतं?

तोमेझो : रेडिओ.

डॉ. मिझुहारा : मंगळवारी ऑपरेशन करू. कमरेखाली बधिर करणार, तेव्हा सोबत माणूस हवं. नाव सांगा.

तोमेझो : रेडिओचं चालेल?

डॉ. मिझुहारा : तोमेझोसान.

तोमेझो : सेइगोचा नंबरसुद्धा नाही हो माझ्याकडे. कधी लागलाच नाही. चारला तो न्हाणीघरात असतो, एवढं माहीत.

डॉ. मिझुहारा : सव्वाचार झालेत. न्हाणीघराला फोन लावा.

(फोनवर पलीकडून पाण्याचा आणि बादल्यांचा आवाज.)

सेइगो : कोण? ओला आहे मी, पटकन बोल.

तोमेझो : मी. तोमेझो.

सेइगो : ओहो, टबवाले! पाणी गार झालं वाटतं?

तोमेझो : ऐक. बुडाला भगंदर झालंय मला. मंगळवारी ऑपरेशन आहे, सोबत कुणीतरी लागतं. आणि टब… नाहीये रे. कधीच नव्हता.

सेइगो : माहितीये.

तोमेझो : कसं?

सेइगो : रोज तुझ्या घराच्या मागनं जातो. खिडकीतून एकदा वाफ आलेली दिसली नाही.

तोमेझो : मग आठ महिने एका शब्दानं विचारलं नाहीस?

सेइगो : वाटलं, तुला माझा कंटाळा आला असेल… मंगळवारी किती वाजता येऊ?