वरातीची फियाट शर्यतीत

सात रस्त्याच्या पेट्रोल पंपावर रांग हलायचं नाव घेत नव्हती. स्कुटीवरच्या ऋतुजापुढं नबीलालभाईंची पांढरी जुनी फियाट उभी होती, आणि खिडकीला टेकून शेजारचा बिरुदेव चौकशी करत होता.

"पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात काय झालं, भाई?"

"फोटो लई काढले लोकांनी. मग शर्यत. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडलेले, त्यांच्यामधनं वळणं घेत एकेकट्यानं पळायचं. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागंल तो पैला."

"अन् शेवटचा आलात तर तुमचा पोरगा अतीक गाडी भंगारात घालणार हुता."

"व्हय. म्हणून तर वाऱ्यागत पळवली. निम्म्यापातुर माझ्या वेळेला कुणी गाठत नव्हतं."

"मग?"

"मग त्यांनी बँड लावला."

"बँडचं काय मधीच?"

"पाव्हण्यांच्या स्वागताला. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. सारी हयात नवरदेव घेऊन बँडमागं चाललोय मी."

"उचलायचा की पाय."

"कसा उचलू? पुढनं बँड वाजतोय म्हणजे माणसं नाचत असणार. तुडवू व्हय त्यांना?"

"अवो, पुढं नुसते शंकू हुते."

"ते नंतर ध्यानात आलं."

"म्हणजे शेवटचा नंबर. आता अतीकला काय सांगणार?"

"सांगायचं काय? पैला आलेला माणूसच पोरीच्या लग्नाला हीच गाडी ठरवून गेलाय. त्याच्या गाडीत बसायला नवरी भितीया."

रांग सरकली. ऋतुजानं हॉर्न दिला. फियाट हलली ती वरातीच्या चालीनं, आणि ऋतुजाही मग गुमान मागनं निघाली, वऱ्हाडातल्यासारखी.