आईची उजवी बाजू

नाही, तुम्हीच सांगा, परातीला पॉलिश करायचं तर आधी अर्धी परात चमकवून गिऱ्हाइकाला दाखवायची, हे मला मान्य आहे, आमचं भांड्यांचं दुकानच आहे वर्ध्याच्या बाजारात, अर्धी काळी अर्धी लखलखती परात समोर धरली की गिऱ्हाईक कसं गार होतं हे मी लहानपणापासून बघत आलेय... पण आई? आईला कोणी अर्धी चमकवून आणतं का? आमच्या घरच्यांनी आणली! नागपूरहून! भर दिवसा, एस्टीने!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल प्रेरणाच भांडखोर. वर्ध्याशेजारच्या आमच्या सिंदी मेघेत तसं वाटतंच सगळ्यांना. तर झालं असं, की मी बीएस्सी झाले, फिजिक्स, फर्स्ट क्लास, पुढे एमएस्सी करते म्हटलं की घरात एकच उत्तर, "आधी पाहुणे येऊन जाऊ दे." पाहुणे येतात, पोहे खातात, जातात. दोनदा झालं. आणि दुसऱ्या पाहुण्यांनी निरोप काय पाठवावा? मुलगी पसंत आहे, पण मुलीची आई फार लवकर उतरली. उतरली! जशी काही बसमधून! म्हणे खाण तशी माती, आज आईचे गाल लोंबले, उद्या पोरीचे लोंबतील. म्हणजे आमच्याकडे मुलगी पाहायला येतात ना, ते मुलीला पाहतच नाहीत हो! मुलीकडे एकदा नजर टाकतात आणि मग आईकडे टक लावून बसतात, पुढचं सगळं तिथे छापलेलं असल्यासारखं!

आणि आईचे गाल का लोंबले, हे विचारा की कोणीतरी! आमच्या आबाजींना, म्हणजे आजोबांना, लकवा झाला. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, कोणी केलं? काकूने? काकूची कंबर धरते. बाबांनी? बाबांना दुकान. आईने केलं सगळं, एकटीने, आणि आबाजी असे ठणठणीत झाले की काठी आपटत पुन्हा दुकानात जाऊन बसले, आणि आई... आईचं वजन जे गेलं ते गेलं, गाल रिकाम्या पिशवीसारखे झाले. आणि पाहुण्यांचा निरोप ऐकून पहिलं वाक्य कोण बोललं असेल? आबाजी! "सूनबाई, तुह्या तोंडाचं काई तरी करा लागते आता." मी विचारते, चेहरा कोणाचा? आईचा! काय करायचं ते तिला विचारलं कोणी? कोणीच नाही!

मग आमच्या अन्नपूर्णा काकू पुढे सरसावल्या. काकूंची बहीण नागपूरला, तिच्या बाजूच्या बाईने म्हणे कातडी आवळून घेतली होती. "सुई नाई, कापाकापी नाई, काईच नाई! एक मशीन राह्यते, गालावरून नुसती फिरवतेत. आतून गरम होते अन् कातडी आवळते, जसा कढईत पापड!" आता पापडाचं उदाहरण देऊन कोणाला धीर येतो का? वर आबाजी, "काय नाव म्हणे?" "रेडिओफ्रिक्वेन्सी." "रेडिओ? तोंडाले रेडिओ लावून राह्यले काय आता?" मी म्हटलं आबाजी, तसं नसतं, लहरी असतात, कातडीच्या आत ऊब पोचवतात, त्याने आतले धागे आकसतात... तर म्हणे, "तू चूप बस, तुले काय समजते." घरात फिजिक्स शिकलेली एकटी मी, आणि मला काय समजते!

मग ओसरीवर बैठक बसली. बाबा म्हणाले, "टिकते किती?" काकू म्हणाली, "वर्ष-दीड वर्ष टिकते म्हणते." "म्हणजे कल्हईच झाली!" बाबा म्हणाले. मग स्वतः काकूच म्हणाली, "अन् तोंड भाजलं तं?" आबाजी म्हणाले, "त्यापेक्षा पाहुण्यांले लोडशेडिंगच्या टायमाले बलवा. कंदिलात सगळ्याच बाया सारख्या." हसू नका! हसू नका, असं खरंच म्हणाले, आणि बाबांनी खरंच थोडा विचार केला!

मी उठले. म्हटलं लाज वाटते का कोणाला, माणूस आहे ती, भांडं नाही, पोचा काढायला निघालात ते... पंधरा मिनिटं बोलले असेन, कॉलेजच्या वादविवादात बोलले नसेन इतकं. आणि आई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज एकदाही थांबला नाही. चेहरा तिचा, आणि बैठकीत ती सोडून सगळे!

गेलो नागपूरला. आई, बाबा, काकू, आणि मी, कारण मला घरी ठेवलं असतं तर मी आबाजींशी भांडले असते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या हो, तरुण, अगदी सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "हे बघा, ही जादू नाही. कातडी थोडी आवळेल, खरा फरक दोन-तीन महिन्यांत हळूहळू दिसेल, आणि पाच-सहा वेळा यावं लागेल. फार सैल पडलेल्या कातडीला फार उपयोगही होत नाही. तुमच्या अपेक्षा काय आहेत?" हे त्यांनी आईला विचारलं, बरं का, आईकडे बघून! आयुष्यात पहिल्यांदा आईला कोणीतरी विचारत होतं, तिने तोंड उघडलं... आणि बाबा म्हणाले, "आमची अपेक्षा म्हणजे पाहुण्यांले पसंत पडलं पायजे!"

आईने तोंड मिटलं.

मग तिला आत नेलं. बाहेर बाबा येरझाऱ्या घालताहेत, काकू तिथल्या रंगीत पुस्तकातल्या बाया बघतेय, मी दात खातेय. अर्ध्या तासाने दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक बाजू झाली, आरशात फरक बघून घ्या, मग दुसरी करते." ते तसं दाखवतातच म्हणे सगळ्यांना. आणि बाबा आत गेले, आईची हनुवटी धरली, इकडे वळवली, तिकडे वळवली, जशी पाण्याची पितळी गुंडी घेताना वळवून बघतात, आणि म्हणाले, "थांबा. ट्यूबलाइटमधे सगळंच चमकते. घरी उन्हात पाहू, आबाजींले दाखवू, मग ठरवू." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हा चेहरा आहे!" बाबा म्हणाले, "म्हणूनच तं!"

आणि निघालो! अर्धी आई घेऊन! मी ओरडले, डॉक्टरीणबाई ओरडल्या, काकूसुद्धा म्हणाली, "भाऊजी, जोडी तं पुरी होऊ द्या!" पण नाही, नमुना पाहिल्याशिवाय माल उचलायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम!

बसमध्ये मी आईशेजारी बसले. उजवा गाल लालसर, किंचित सुजलेला, वर उचललेला. डावा आपला होता तसाच. मी म्हटलं, "दुखलं का गं?" तर म्हणाली, "नाई वं. गरम गरम लागे. चांगलं वाटलं. इतका वेळ माह्या तोंडावरून कोणी हात नाई फिरवला कधी." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी आलो तर अंगणात खुर्ची मांडून आबाजी तयार! आईला उन्हात बसवलं. "उजवीकडून पाहा, आता डावीकडून पाहा." शेजारच्या शोभाबाई कुंपणावरून म्हणतात, "फरक हाये जी!" आबाजी म्हणतात, "उन्नीस-बीस." मी म्हणते, चेहरा कोणाचा आहे... पण माझं ऐकायला कोण रिकामं होतं? कारण तेवढ्यात फोन वाजला. हिंगणघाटचे पाहुणे, पुढच्या महिन्यात यायचे होते ते, उद्याच येतो म्हणे, वर्ध्याला एक लग्न आहे, जाता जाता पोरगी पाहून घेऊ. जाता जाता!

आता? दुसरी बाजू राहिली की! बाबांचा चेहरा असा पडला की पुढचा नंबर त्यांचाच लागतो की काय वाटलं! पण आबाजी कसलेले व्यापारी. "घाबरता काऊन? पोचा गेलेलं भांडं दुकानात कसं मांडतो आपण? पोचा भिंतीकडे!" आणि दुसऱ्या दिवशी आईची खुर्ची तशी मांडली. डावा गाल भिंतीकडे, उजवा पाहुण्यांकडे, खिडकीचा उजेड बरोबर उजव्यावर. आणि ताकीद, "सूनबाई, मान वळवू नको."

पाहुणे आले. मुलगा कुंदन, बुटीबोरीला कंपनीत, बिचारा बुटांकडेच बघत होता. सोबत त्याची आजी, पंचफुलाबाई, पातळ नेसलेल्या, नजर अशी की बी हातात न घेता कीड सांगतील! माझ्याकडे एकदा पाहिलं, संपलं. मग आईकडे. पाहतायत, पाहतायत... आणि खूश! "बाई मोठी टवटवीत हाये." बाबांनी आबाजींकडे पाहिलं, आबाजींनी मिशी चाचपली. आणि आई भिंतीतल्या मूर्तीसारखी बसलेली, पोह्याला हात नाही, पाण्याला हात नाही, कोणी काही विचारलं तर समोरच्या कॅलेंडरला उत्तर देतेय!

सगळं निभावलं हो! निरोपाची वेळ आली, पाहुणे उठले, आणि आमच्या सगळ्या शहाण्यांच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. बाया निघाल्या की हळदीकुंकू कोण लावणार? घरची लक्ष्मी! आणि हळदीकुंकू काय भिंतीकडे तोंड करून लावतात? आई करंडा घेऊन पंचफुलाबाईंसमोर उभी राहिली. तोंडासमोर तोंड. एक वीत अंतर.

पंचफुलाबाईंनी डोळे बारीक केले. मान इकडे, मान तिकडे. "अवं बाई... तोंड वाकडं काऊन दिसून राह्यलं तुमचं? लकवा झालता काय?"

लकवा! आणि ओसरीवर काठी घेऊन आबाजी उभे! पंचफुलाबाईंची नजर आईवरून आबाजींवर, आबाजींवरून काठीवर, काठीवरून माझ्यावर. "म्हणजे तुमच्या घराण्यातच हाये!" अहो, आई सून आहे, आबाजींचं रक्त तिच्यात कुठून येणार? पण असं काही ऐकतात का ही माणसं? कुंदन चपला शोधायला लागला.

मग मी गप्प राहीन? तुम्हीच सांगा, राहीन? म्हटलं लकवा नाही, नमुना आहे! नागपूरला नेऊन अर्धा चेहरा आवळून आणलाय, तुमच्यासाठी, तुमच्यासारख्यांसाठी, जे मुलीला सोडून आईचे गाल मोजतात! मशीनपासून खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. आबाजी काठी आपटतायत, "चूप बस," बाबा कपाळाला हात लावून बसले, शोभाबाई कुंपणावर, आणि आई करंडा हातात धरून मध्ये उभी, बोटाला कुंकू तसंच. पाहुणे कुंकू लावून न घेताच गेले.

संध्याकाळी पुन्हा बैठक. बाबा म्हणाले, "झालं ते झालं, उद्याच जाऊन दुसरी बाजू करून आणू, नाईतर पुढचेही लकवाच म्हणतीन." आबाजी म्हणाले, "हो." काकू म्हणाली, "मीही येतो." आणि पहिल्यांदा लाटण्याचा आवाज थांबला. आई बाहेर आली, पिठाचे हात तसेच, आणि म्हणाली, "एक बाजू तुमची झाली. ही माही हाये. हिले हात लावाचा नाई कोणी."

बस. संपलं. कोणाची हिंमत नाही! मी आनंदाने जवळजवळ टाळ्या वाजवल्या. आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, "आई, शाब्बास! बघ, मी म्हणतच होते!" तर कणीक मळता मळता म्हणाली, "अन् पाहुण्यांपुढे माह्या तोंडाची सारी कथा सांगितली, ते? मले विचारलंतं?"

आता सूज उतरली, पुन्हा कोणी नागपूरला गेलं नाही, तो उजवा गालही बराचसा पहिल्यासारखा दिसतो, बाहेरच्यांना काही कळत नाही. आम्हाला मात्र घरात बरोबर कळतं. ती खूश असली की उजवीकडून बोलते. रागावली असली की डावा गाल करते, आणि तोंडातून अक्षर काढत नाही. आबाजींना आठ दिवस डावा मिळाला, बाबांना पंधरा, काकूला तर दोन दिवसांतच उजवा. आणि मी, जी एकटी तिच्यासाठी भांडले, घसा फोडून, घरातली एकटी शिकलेली... मला विचाराल तर काय सांगू, दिवाळी येऊन गेली, अजून डावाच वाढून मिळतोय.