मायच्या रेकॉर्डचं कव्हर

न्हाई, तुमीच सांगा, गान्याच्या रेकॉर्डवर व्याह्याचा फोटो कशाला लागतोय? गानं कुनी म्हनलं? आमच्या मायनं! तिचा एक फोटो आन् खाली नाव... दुसरं काय मागितलं होतं मी?

तुमाला सांगतो, आमची माय नागुबाई सोमवारच्या भजनाला बसली की अख्खं बोरी गाव गप. आता दम लागायलाय तिला, आवाज कधी बसंल नेम न्हाई. म्हनून आमची पोरगी शिवरंजनी, पुन्याला असती, ती म्हनली, बाबा, आजीचा आवाज रेकॉर्डवर घेऊ, मोठी काळी असती तशी, पुन्हा फ्याशन आलीय. म्हनलं घे. घेतला. लय झ्याक आला. ऱ्हायलं काय? कव्हर!

आता घरचा रुद्रेश असताना बाहेर कशाला जायाचं? माझा भाचा, परभणीत दुकान हाय, लग्नपत्रिका आन् वाढदिवसाचे बॅनर करतो. त्याला बजावलं, मायचा एक फोटो आन् खाली नाव, बास. "हौ मामा" म्हनला, आन् पठ्ठ्यानं खामखा ते घरच्या ग्रुपवर टाकलं!

झालं... वैजनाथअप्पांचा फोन, आमचे चुलते. बारीक आवाजात, खोकत खोकत, "न्हाई, काय न्हाई रामलिंग, आमी अजून जित्ते हाव, येवढंच कळवावं म्हनलं." घ्या अप्पांना! अप्पांना घेतलं तर काकूचं तोंड वाकडं, काकूला घेतलं तर जावई, मागनं व्याही, आन् जावयाला कोपऱ्यात बसवून चालतंय व्हय? त्यात रुद्रेश म्हनतो, मामा, गेलेली मानसं सगळ्यात वर घ्यावी लागत्यात, पत्रिकेत तसंच असतंय. घेतले, आजे-पणजे समदे! एका पणजोबाचा फोटोच न्हाई, त्यांच्या जागी महादेवाची पिंड. बरं, रुसवा परवडतोय का आमच्यात? पत्रिकेत नाव ऱ्हायलं म्हनून आमची एक आत्या मरंस्तोवर भावाच्या दारात पानी प्याली न्हाई!

पुढची बाजू भरली, माय गेली मागं. मागं कोन? स्नेहांकित, शुभेच्छुक, पतसंस्थेचे चेअरमन, आन् सगळ्यात खाली गुलाबी अक्षरात, "आमच्या पणजीची रेकॉर्ड ऐकायची हं!" आन् पोरासोरांची नावं. मी म्हनलं, रुद्रेश, मर्दा, मायचा एक फोटो आन् खाली नाव... तर म्हनतो, "मामा, टेन्शनच घेऊ नका. आत एक कागदी पाकीट असतंय, रेकॉर्ड त्याच्यात घालत्यात. ते समदं आजीचं. बराब्बर मधोमध फोटो टाकतो, मानाची जागा!"

खरं सांगतो, काळीज सुपायेवढं झालं माझं.

खोकं आलं, घर भरलं. मी पाकीट बाहेर काढलं... आता जल्मभर पत्रिका छापलेल्या मानसाला काय ठावं, की त्या पाकिटाला मधोमध बशीयेवढं गोल भोक पाडत्यात, आतल्या रेकॉर्डवरचं लिवलेलं दिसावं म्हनून! भोक पडलं कुठं? मायच्या तोंडावर! पदर हाय, खांदे हायेत, गळ्यात इष्टलिंग हाय, खाली ठसठशीत नाव हाय, आन् तोंडाच्या जागी? "बाजू पहिली"!

रुद्रेश म्हनतो, उलटं घालून बघू. घातलं. "बाजू दुसरी"!

मला तर रडूच यायलं. ज्या बाईसाठी येवढा खटाटोप केला, तीच न्हाई. कोन्या हातानं दाखवावं हे तिला? पर मायनं माझ्या हातातून कव्हर वढूनच घेतलं. चष्मा लावला, पुढून बघितलं, मागून बघितलं, एकेका फोटोवर बोट फिरवलं. पाकिटाकडं बघितलंच न्हाई. मान वर केली तर डोळे भरलेले. म्हनलं, समजलं हिला.

"रामलिंग," म्हनली, "चुडाव्याच्या लक्ष्मीबाई ऱ्हायल्या की रं. विहीनबाई हायेत आपल्या. काय म्हनतील त्या?"

आता परभणीला निघालोय, कव्हर नव्यानं करायला. खिशात लक्ष्मीबाईंचा फोटो हाय. निघताना म्हनलं, माय, तुझा बी दे एखादा चांगला, या बारीला पुढंच टाकतो. तर म्हनती कशी,

"माझा ऱ्हाऊ दे बाबा. मी काय रुसनार हाय व्हय?"