वाकड्या चंद्रकोरी

फेस शहराच्या एका गल्लीतल्या सामायिक भट्टीपाशी भट्टीवाला लहसन लांब दांड्याचं फावडं धरून ताटकळला होता. कच्च्या बिस्किटांची परात घेऊन रांगेत पुढे उभ्या रकियाचं आणि तिच्या भावजयीचं, तामूचं, काही आटपत नव्हतं.

“वहिनी, या बदामाच्या चंद्रकोरी बघ. एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला! पुन्हा करते.”

“तिसऱ्यांदा? दुपारी तुझ्या लेकीला मागणी घालायला माणसं येतायत गं!”

“म्हणूनच तर! व्याहीण काय म्हणेल?”

“मागच्या ईदला माझ्या करपल्या, तेव्हा तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, चहाबरोबर खमंग लागतात.”

“आणि सकाळपासून स्वतःला काय म्हणतेयस?”

“ते भट्टीवाल्यासमोर सांगण्यासारखं नाही.”

“वा! मला साखर आणि स्वतःला मिरच्या?”

रकियाने परात पुढे सरकवली.

“लहसन, घाल भट्टीत. लवकर, माझं मन बदलायच्या आत!”